कोरियन मालिकांमधलं प्रेम : मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

रात्री जेवणं उरकली, ओटा आवरला, की मी आणि आई कोरियन मालिका लावतो. आईला इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मी ती मराठीत वाचून दाखवते. भाचरं, ऑफिसातल्या मैत्रिणी, शेजारच्या काकू असे सगळे मला साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे एखाद्या मालिकेचा शेवट उघड होतो, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

एवढं काय आहे त्यात? सगळ्या गोष्टी सारख्याच तर असतात.

कथानकं खूपदा सारखी असतात, हे मी मान्य करते. गडगंज उद्योगपतीच्या घरचा मुलगा, लहानपणी एकदाच झालेली आणि विसरलेली भेट, अपघात, स्मृती जाणं, मुलाच्या आईने पैशांचं पाकीट टेबलावर सरकवणं, हे सगळं मीही कितीतरी वेळा पाहिलं आहे. पण मी गोष्ट काय आहे ते बघत नाही. माणूस दुसऱ्याची काळजी कशी घेतो ते बघते.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधलं मेणबत्तीचं दृश्य घ्या. दक्षिण कोरियाची उद्योजिका युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते, सीमेपलीकडे उत्तरेत जाऊन पडते आणि तिथला कॅप्टन री जंग-ह्यॉक तिला लपवून ठेवतो. ती त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागते. वीज जाणाऱ्या गावातल्या त्या माणसाला मेणबत्ती म्हणजे उजेड एवढंच ठाऊक, तो साधीच आणतो. पुढे एकदा अंधार पडल्यावर ती बाजाराच्या गर्दीत हरवते. घाबरून इकडेतिकडे बघत असताना तिला गर्दीच्या डोक्यांवर धरलेली एक पेटती मेणबत्ती दिसते. हात उंच करून तो उभा असतो, आणि या वेळी मेणबत्ती सुगंधी असते. तिने काय मागितलं होतं ते त्याने लक्षात ठेवलेलं असतं. मी हे दृश्य चार वेळा पाहिलं आहे आणि चारही वेळा माझा श्वास तिथे अडकला आहे.

पहिल्या चुंबनाला सात-आठ भाग का लागतात?

नेहमी लागतातच असं नाही. वर सांगितलेल्या मालिकेत तिसऱ्या भागाच्या शेवटीच चुंबन आहे, पण ते बोटीवर पकडलं जाऊ नये म्हणून केलेलं सोंग असतं. मनातलं प्रेम मात्र उशिराच येतं. बऱ्याच मालिका सोळा भागांच्या, आठवड्याला दोन भाग, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा जास्त. त्यामुळे लेखिकेला अर्धा रस्ता चालायला भरपूर वेळ मिळतो. शिवाय संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून बघायच्या वाहिन्यांवर ही परंपरा वाढली.

मला हा उशीर हवाहवासा वाटतो. ‘समथिंग इन द रेन’ (२०१८) ही जवळजवळ या उशिरावरच उभी आहे. जिन-आ पस्तिशीतली, जुन-ही तिच्या जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ. किती तरी वेळ दोघं फक्त एकत्र जेवतात, एका छत्रीतून चालतात. मग एकदा सगळे एकत्र बसलेले असताना जिन-आ टेबलाखाली त्याचा हात धरते. वर सगळ्यांचं बोलणं चालू आणि खाली दोन हात. पडद्यावर बाकी काहीच घडत नाही, तरी आई उठून पाणी पिऊन आली.

या मालिकेचं मूळ कोरियन नाव साधारण ‘छान जेवू घालणारी सुंदर ताई’ असं आहे. कोरियात ‘जेवलास का?’ हा प्रश्न ख्यालीखुशाली विचारण्यासाठी येतो, अगदी आपल्यासारखाच. प्रेमिकांच्या तोंडी तो इतक्या वेळा येतो, की सबटायटल न वाचताही आईला आता तो ओळखू येतो.

‘ओप्पा’ म्हणजे दादा ना? मग प्रियकराला दादा कसं म्हणतात?

मुलीने थोरल्या भावाला म्हणायचं ते ओप्पा, मुलाने थोरल्या बहिणीला म्हणायचं ते नूना. पण हेच शब्द वयाने मोठ्या मित्राला, मैत्रिणीला आणि प्रेमाच्या माणसालाही लागतात. आपल्याकडे ‘दादा’ म्हटलं की प्रेमाचं दार बंद होतं, तिकडे ते तिथूनच उघडू शकतं. म्हणून मी आईला वाचून दाखवताना ओप्पाचं मराठी करत नाही, ओप्पाच ठेवते. आता हे शब्द जगभर गेले आहेत. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने २०२१ मध्ये कोरियन मुळाचे २६ शब्द घेतले, त्यात ओप्पा, नूना आणि उन्नी (मुलीने थोरल्या बहिणीला म्हणायचं ते) तिन्ही आहेत.

‘आजश्शी’ हा आणखी एक. अनोळखी, वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाला म्हणतात, आपल्या ‘काका’च्या जवळचा. ‘गॉब्लिन’मधली उन-ताक शेकडो वर्षं जगत आलेल्या नायकाला आजश्शीच म्हणते. ती सुरुवातीला शाळकरी मुलगी आहे आणि तो प्रौढ दिसतो, हे मला आजही खटकतं. मालिका मनापासून आवडूनही ती खंत जात नाही.

सबटायटल्समध्ये काय हरवतं?

सगळ्यात मोठी गोष्ट हरवते. आईमुळे मला ती सापडली.

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावं लागतं : इथे ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’? कोरियनमध्ये हा फरक क्रियापदाच्या शेपटीत असतो. आदराने बोलताना वाक्याच्या शेवटी बहुधा ‘यो’ येतो. जवळीक झाली की तो गळून पडतो, त्या बोलीला बानमाल म्हणतात. एक जण दुसऱ्याला चक्क विचारतो, की आता आपण तसं बोलायचं का? त्यासाठी कोरियनमध्ये जो वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ बोलणं खाली ठेवणं. आपण म्हणतो, अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आले. पडद्यावर दोन माणसं इतक्या जवळ येतात आणि इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचा मागमूसही नसतो. हिंदी डबिंगमध्ये निदान आप आणि तुमची सोय आहे.

उलटंही घडतं. भांडण झालं की अचानक ‘यो’ परत येतो. कालपर्यंत तू-तू म्हणणारी बाई थंडपणे आदरार्थी बोलायला लागते, आणि तो माणूस जागच्या जागी गोठतो. आईला मी तेवढं वाक्य ‘तुम्ही’ने वाचून दाखवलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, “संपलं मग यांचं.” रागावल्यावर आमच्या घरातही ‘या, आलात का आपण’ असंच ऐकू यायचं.

पण दोन भाषांचं गणित पूर्ण जुळतही नाही. आई बाबांना आयुष्यभर ‘अहो’ म्हणाली. तिच्या पिढीत त्या ‘अहो’मध्येच सगळी माया होती. त्यामुळे पडद्यावरच्या जोडप्याने अरे-तुरे सुरू केलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि आईला मात्र त्यात जवळीक दिसायला वेळ लागतो.

‘कॉफी प्रिन्स’ (२००७) वाचून दाखवताना सगळ्यात जास्त कस लागला. गो उन-चान ही मुलगी नोकरीसाठी मुलगा म्हणून वावरते आणि कॅफेचा मालक हान-ग्यॉल तिला मुलगाच समजून तिच्या प्रेमात पडतो. कोरियन क्रियापदाला लिंग नाही, म्हणून तिथे हे गुपित सहज टिकतं. मराठीत एक वाक्य लिंगाशिवाय पुढे सरकत नाही. मी ठरवलं, त्याच्यासमोर ती ‘मी आलो’ म्हणेल आणि घरी आईपाशी ‘मी आले’. तो तिला ‘कुठे गेला होतास?’ असं विचारायचा. तिचं सत्य कळायच्या आधीच तो कबूल करतो, की हा मुलगा असला तरी मला हाच हवा. ते दृश्य मला ‘हाच’ म्हणून वाचावं लागलं, आणि त्या एका शब्दाने ते आमच्या दोघींपर्यंत पोचलं. पुढे ज्या भागात त्याला खरं कळतं, त्यानंतर मी पहिल्यांदा ‘गेली होतीस’ म्हटलं तेव्हा आई माझ्याकडे वळून हसली.

सेकंड लीड सिंड्रोम म्हणजे काय? तुला झालाय का?

नायिका ज्याला निवडणार नाही हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, त्याच दुसऱ्या नायकावर जीव जडणं. झालाय, आणि कायमचा झालाय. (‘रिप्लाय १९८८’चा शेवट पुढे उघड आहे.)

सोलच्या स्सांगमुन-दोंग वस्तीतल्या एका गल्लीतली पाच मुलं. त्यातल्या डॉक-सनचं लग्न कोणाशी झालं, हे मालिका शेवटपर्यंत लपवते. नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात ती चालू असताना कोरियातले प्रेक्षक जंग-ह्वान की थेक यावरून अक्षरशः दोन गटांत वाटले गेले होते. जंग-ह्वान शाळेच्या बसमध्ये गर्दीचा धक्का तिला लागू नये म्हणून हातांची कमान करून उभा राहतो. सकाळी ती बाहेर येईपर्यंत बुटांची नाडी पुन्हा पुन्हा बांधत बसतो. बोलत मात्र काहीच नाही. मग वर्षांनी एका रात्री ती संगीताच्या कार्यक्रमाबाहेर एकटी उभी आहे हे कळल्यावर तो गाडी पळवतो. वाटेत सिग्नल लाल लागतात. तो पोचतो तेव्हा थेक आधीच तिथे उभा असतो.

मी त्या रात्री नीट झोपले नाही. पण डॉक-सनचं लग्न थेकशी होणं योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. थेक हा बादुकचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या त्या प्राचीन पटखेळाचा, मोठा खेळाडू. त्याने त्या दिवशी तिच्यासाठी सामना सोडून दिला होता. जंग-ह्वानलाही गाडीत बसल्या बसल्या हेच उमगतं, की सिग्नलने नव्हे, आपल्या कचरण्याने घात केला. त्याच्यावरचं माझं प्रेम मात्र यामुळे कमी झालेलं नाही.

नायक मनगट धरून ओढत नेतो, ते तुला चालतं?

नाही. २००९ च्या ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ने माझ्या भाचीच्या वयाच्या कितीतरी मुलींना या मालिकांची ओढ लावली, आणि त्यात नायक नायिकेशी ज्या दांडगाईने वागतो ती मला आज बघवत नाही. भाचीसोबत बघताना मी थांबवून सांगते, की हे प्रेम नव्हे. कोरियातल्या बायकांनीही याविरुद्ध आवाज उठवला आणि पडद्यावरची वागणूक हळूहळू बदलली. २००५ ची गाजलेली ‘माय लव्हली साम-सून’ २०२४ मध्ये आठ भागांत नव्याने संकलित होऊन आली. जुनी आवृत्तीही बघण्यासारखी आहे. तिशीच्या उंबरठ्यावरची, केक-पेस्ट्री बनवणारी, ठसठशीत बोलणारी नायिका त्या काळात फार मोठी गोष्ट होती. नायक मात्र अनेकदा उद्धट वाटतो.

आईवडिलांसोबत बसून बघता येतं का?

बहुतेक प्रेमकथा येतात. पण दारू भरपूर असते, तेवढी तयारी ठेवा. आणि एखाद्या पात्राने ‘आत येऊन राम्यॉन खाणार का?’ असं विचारलं, तर तो नूडल्सचा विषय नाही, रात्री थांबण्याचं आमंत्रण आहे. २००१ च्या एका कोरियन चित्रपटापासून हा अर्थ रूढ झाला. मी ते वाक्य आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. अर्थ तिने आपणहून लावला.

तिकडचे पुरुष खरंच असे असतात?

या नायकांना बहुतेक वेळा बायकांनी लिहिलेलं असतं. ‘गॉब्लिन’ लिहिणाऱ्या किम उन-सुक, ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आणि ‘क्वीन ऑफ टीअर्स’ लिहिणाऱ्या पार्क जी-उन, हाँग भगिनी, या सगळ्या लेखिका. म्हणजे हा पुरुष कसा आहे याचं चित्र नाही, तो कसा असावा याची मागणी आहे. आणि मागणी उगाच येत नाही. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेत स्त्री-पुरुषांच्या पगारातली सर्वात मोठी तफावत दक्षिण कोरियात आहे. तिथला जननदर २०२३ मध्ये ०.७२ वर आला, जगात सर्वात कमी. लग्न आणि मूल म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, असा अनुभव असलेल्या बायका रात्री टीव्हीवर एक असा माणूस बघतात, जो तिच्यासाठी कॉफीच्या बिया भाजतो, जेवण रांधतो आणि तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतो. मला हे समजायला कोरियात जन्मावं लागलं नाही.

सर्वात जास्त कुठल्या दृश्याने रडवलं?

‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ (२०२५). जेजू बेटावरची गोष्ट. श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या, शंख-शिंपले काढणाऱ्या हेन्यो बाईची मुलगी ए-सुन आणि तिच्यावर लहानपणापासून जीव असलेला ग्वान-शिक. मुख्य भूमीकडे निघालेल्या जहाजातून तो समुद्रात उडी मारतो आणि पोहत तिच्याकडे परत येतो. ते दृश्य गाजलं. मला रडवलं ते दुसऱ्याने.

लग्नानंतर सासरी जेवायला बसलेत. पुरुषांचं टेबल वेगळं, बायका-मुलींचं वेगळं. ग्वान-शिक पुरुषांच्या टेबलाशी बसलेला असतो. तो बसल्या जागीच वळतो, घरच्या मोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या बाजूला तोंड करून जेवायला लागतो. घोषणा नाही, भांडण नाही.

मी वाचून दाखवायची थांबले होते, वाचण्यासारखं काही नव्हतंच. आईने आयुष्यभर आधी पुरुषांची पंगत वाढली. मग उरलेल्यात बायकांची, कोशिंबीर संपलेली, पोळ्या गार झालेल्या. सणावारी चार वाजायचे तिच्या पहिल्या घासाला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “ते परत लाव.” आम्ही ते तीनदा पाहिलं.

जात-गोत्र असं काही तिकडे आहे का?

जात नाही, पण एक गोष्ट ऐकून आई सरसावून बसली होती. कोरियात एकच आडनाव आणि कुळाचं मूळ गाव एकच असलेल्यांना लग्न करायला कायद्याने बंदी होती. म्हणजे आपलं सगोत्रच. घटना न्यायालयाने १९९७ मध्ये ती घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. ‘रिप्लाय १९८८’मध्ये सन-वू आणि बोरा यांच्या लग्नात हाच अडसर येतो. हा संदर्भ माहीत नसेल तर घरचे एवढे का हादरले ते कळत नाही. मराठी माणसाला मात्र एका शब्दात सांगता येतं.

‘क्रॅश लँडिंग’मधल्या दोघांनी खरंच लग्न केलं?

हो. ह्युन बिन आणि सन ये-जिन यांचं लग्न ३१ मार्च २०२२ रोजी झालं. मला घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

या वयात हे बघणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मला आणि आईला, दोघींनाही विचारला गेला आहे. ‘विंटर सोनाटा’ २००३ मध्ये जपानमध्ये दाखवली गेली, तेव्हा तिच्यासाठी वेड्या झालेल्या प्रेक्षकांत मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या बायकाच जास्त होत्या. नायक बे योंग-जुन जपानला गेला तर विमानतळावर हजारोंनी गर्दी झाली. मालिकेतल्या नामी बेटावरची उंच झाडांची वाट बघायला त्या कोरियात गेल्या. ज्यांनी घरासाठी तीस-चाळीस वर्षं दिली, त्यांनाच कोणी हळुवार बोललेलं ऐकायची सर्वात जास्त भूक असते. यात बरं न दिसण्यासारखं काय आहे?

शेवट दुःखी असेल तर कशाला बघायचं?

(‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’चा शेवट पुढे आहे.) या प्रश्नावर माझं आणि भाचीचं आजही जमत नाही. तलवारबाजी करणारी ही-दो आणि १९९७ च्या आर्थिक संकटात ज्याच्या बापाचं दिवाळं निघालं तो यी-जिन. एकमेकांना सावरत मोठे होतात आणि शेवटी वेगळे होतात. कोणी वाईट वागत नाही. त्याची वार्ताहराची नोकरी त्याला न्यूयॉर्कला नेते, ती वाट बघून थकते, एवढंच. भाची म्हणाली, फसवलं आपल्याला. मी म्हणते, पंधरा भाग ज्या दोघांनी एकमेकांना उभं केलं ते खोटं कसं ठरेल? पण तिच्या रागाचाही मान राखायला हवा. तिने त्या दोघांना सोळा तास दिले होते.

सुरुवात कुठून करू?

आधी ‘होमटाउन चा-चा-चा’ (२०२१) लावा. समुद्रकाठचं छोटं गाव, शहरातून आलेली दंतवैद्य, पडेल ते काम करणारा गावचा लाडका तरुण आणि तीन भांडकुदळ, मायाळू आज्या. मग ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’. ‘रिप्लाय १९८८’ला घाई करू नका. पहिले दोन-तीन भाग संथ वाटतील, गल्लीतल्या आया एकमेकींकडे भाजीच्या वाट्या पाठवत राहतील, ते होऊ द्या. ‘टँजरीन्स’ शेवटी ठेवा, आणि शक्य असेल तर आईसोबत बघा. तिला वाचून दाखवत असाल, तर पहिल्याच भागापासून वाक्यांच्या शेवटी ‘यो’ येतो की नाही, ते ऐकत चला.